साफ केलेला पेन ड्राइव्ह पुन्हा पुन्हा बाधित का होतो : शॉर्टकट व्हायरसचा फेरा शोधण्याची आणि तोडण्याची पद्धत

जून-जुलैमध्ये जातीच्या, उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांसाठी सेवा केंद्रांवर रांगा लागतात, पुढे केळीच्या फळपीक विम्याच्या अर्जांची धावपळ सुरू होते, आणि या दोन्ही हंगामांत चोपड्यापासून शहाद्यापर्यंतच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ग्राहक पेन ड्राइव्ह पुढे करतो, तो संगणकाला लावल्यावर त्यात फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेली चिन्हे दिसतात किंवा काहीच दिसत नाही, आणि ग्राहक विचारतो, "भाऊ, मन्ही फाईल कोठे गयी?" दुकानदार अँटिव्हायरस चालवतो, फारच झाले तर पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून देतो. दोन-चार दिवस बरे जातात आणि तोच पेन ड्राइव्ह त्याच अवस्थेत परत येतो.

फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा हा 'शॉर्टकट व्हायरस' पेन ड्राइव्हमधून कसा काढावा, हे बहुतेक दुकानदारांना एव्हाना पाठ झालेले आहे. तो काढल्यावर परत का येतो, हा प्रश्न मात्र तसाच राहतो, म्हणून येथे त्याच प्रश्नाचा विचार केला आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, आपण ज्याला साफ करतो तो केवळ वाहक असतो. रावेर-यावल भागात केळीवर हरण्या रोग पडतो, तेव्हा रोगट झाडे उपटून नष्ट करावी लागतात आणि रोग पसरवणाऱ्या मावा किडीचाही बंदोबस्त करावा लागतो; त्यातही शेजारच्या बागेत रोगट झाडे उभी राहिली, तर आपली मेहनत वाया जाते. येथे पेन ड्राइव्ह हा मावा आहे आणि संगणक ही बाग आहे. माव्यावर कितीही फवारणी केली, तरी रोगट झाड जागेवरच असेल तर रोग हटत नाही.

आधी खात्री करून घ्यावी

पेन ड्राइव्ह रिकामा दिसतो, म्हणजे व्हायरसच आहे असे समजू नये. "ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" असा संदेश येत असेल, तर बहुधा फाइल व्यवस्था बिघडलेली असते. चालू कामात पेन ड्राइव्ह ओढून काढल्यानेही हे घडते. स्वस्तात मिळालेल्या मोठ्या क्षमतेच्या पेन ड्राइव्हमध्ये फाइली दिसतात पण उघडत नाहीत, असे वारंवार होत असेल, तर तो बनावट असण्याची शक्यता असते, कारण अशा पेन ड्राइव्हची खरी क्षमता छापलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी असते आणि ती भरल्यानंतर लिहिलेली प्रत्येक फाइल खराब होत जाते. या दोन्ही गोष्टींवर अँटिव्हायरस हा उपाय नाही.

शॉर्टकट व्हायरसची लक्षणे वेगळी असतात. पेन ड्राइव्ह रिकामा दिसतो, पण 'धिस पीसी'मध्ये त्याची जागा भरलेली दिसते. फोल्डरांच्या नावाने एक-दोन केबी आकाराच्या शॉर्टकट फाइली असतात, किंवा संपूर्ण पेन ड्राइव्हमध्ये त्याच्याच नावाचा एकच शॉर्टकट दिसतो आणि मूळ सामग्री नाव नसल्यासारख्या दिसणाऱ्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ढकललेली असते. अशा शॉर्टकटवर दोनदा टिचकी मारू नये. त्यावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'टार्गेट' या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. साध्या शॉर्टकटमध्ये तेथे एखाद्या फोल्डरचा किंवा फाइलचा पत्ता असतो. बाधित शॉर्टकटमध्ये सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल, रनडीएलएल किंवा एमएसआयएग्झेक यांपैकी एखाद्या आज्ञेने सुरू होणारी लांबलचक ओळ असते. ती ओळ दिसली की शंका उरत नाही.

याच कुळातील दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्यात बाणाची खूणही नसते; फोल्डरचे पिवळे चिन्ह लावलेली डॉट ईएक्सई फाइल फोल्डरच्याच नावाने ठेवलेली असते. ती ओळखण्यासाठी फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूमधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' आणि 'हिडन आयटम्स' हे दोन्ही पर्याय कायमचे चालू ठेवावेत आणि 'डिटेल्स' मांडणीतील 'टाइप' रकाना पाहावा. तेथे 'फाइल फोल्डर' असे लिहिलेले असावे. 'ॲप्लिकेशन' लिहिले असेल, तर तो फोल्डर नाही.

तो परत कुठून येतो

बाधित शॉर्टकट उघडला की तो दोन कामे एकदम करतो. लपवलेला खरा फोल्डर उघडून दाखवतो आणि त्याच वेळी लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, चालवतो. फोल्डर उघडला, फाइल सापडली, छपाई झाली, त्यामुळे काही बिघडले असे कोणाला वाटत नाही. दरम्यान त्या स्क्रिप्टने स्वतःची प्रत वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' किंवा 'टेम्प' फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे, अशी नोंद स्टार्टअप फोल्डरमध्ये, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) किंवा 'टास्क शेड्युलर'मध्ये केलेली असते. तेथून पुढे ती पार्श्वभूमीत चालू राहते, नवा पेन ड्राइव्ह लागला का याची सतत चाचपणी करते आणि लागताच काही क्षणांत त्यातील फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवते.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. बाधित संगणकालाच लावून पेन ड्राइव्ह साफ करणे निरर्थक आहे. आपण एकीकडे शॉर्टकट पुसत असतो आणि दुसरीकडे चालू असलेली स्क्रिप्ट ते पुन्हा तयार करत असते. कधी ते लगेच दिसतात. कधी पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावल्यावर दिसतात, आणि मग दोष पेन ड्राइव्हला दिला जातो.

येथे एका जुन्या समजुतीचा निकाल लावणे आवश्यक आहे. पेन ड्राइव्हमध्ये 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवला की व्हायरस येत नाही, असे सांगणारे तंत्रज्ञ अजूनही भेटतात. २००८ मध्ये कॉनफिकर नावाचा व्हायरस पसरला, त्या काळात हा उपाय काही अंशी खरा होता, कारण तेव्हा पेन ड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप सुरू होऊ शकत असे. विंडोज ७ पासून पेन ड्राइव्हसाठीची ती सोय काढून टाकण्यात आली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसेच अद्यतन दिले. शॉर्टकट व्हायरस आपोआप सुरू होण्यावर अवलंबून नाही. तो आपल्या टिचकीवर अवलंबून आहे, आणि फोल्डर उघडण्याची सवय कोणत्याही रिकाम्या फोल्डरने थांबत नाही.

रोगट झाड शोधणे : सापळ्याचा पेन ड्राइव्ह

एका दुकानात दोन-तीन संगणक, घरी एक लॅपटॉप, करसल्लागाराच्या कार्यालयात आणखी काही आणि शेजारच्या फ्लेक्स छपाईवाल्याकडे एक, एवढ्या जाळ्यात कोणता संगणक बाधित आहे हे अंदाजाने ठरवू नये. ते शोधण्याची एक सोपी रीत आहे. त्यासाठी कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. एक छोटा पेन ड्राइव्ह आणि पेन ड्राइव्ह जोडता येईल असा अँड्रॉइड फोन पुरेसा आहे. फोनला पेन ड्राइव्ह जोडण्याची, म्हणजे ओटीजीची, छोटी वायर किंवा जोडणी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्येच काय, तालुक्याच्या कोणत्याही मोबाइल दुकानात मिळते.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. तो अगदी रिकामा ठेवू नये. त्यात दोन-तीन फोल्डर करून प्रत्येकात एखादी बिनमहत्त्वाची फाइल ठेवावी, कारण काही व्हायरस लपवण्याजोगे फोल्डर असल्याशिवाय शॉर्टकट तयार करत नाहीत. मग तो संशयित संगणकाला लावावा, आत काहीही न उघडता काही मिनिटे तसाच राहू द्यावा आणि 'इजेक्ट' करून काढावा. यानंतर तो दुसऱ्या संगणकाला न लावता फोनला जोडावा. विंडोजने फाइलवर लावलेली 'हिडन' ही खूण अँड्रॉइड पाळत नाही, त्यामुळे लपवलेले फोल्डर आणि स्क्रिप्ट तेथे उघड दिसतात, आणि विंडोजसाठी लिहिलेली स्क्रिप्ट फोनवर चालू शकत नाही. आपण ठेवलेल्या फोल्डरांव्यतिरिक्त डॉट एलएनके, डॉट व्हीबीएस, डॉट जेएस किंवा डॉट ईएक्सई शेपटीची कोणतीही फाइल दिसली, तर तो संगणक बाधित आहे.

या तपासणीत दोन गोष्टींनी घाबरून जाऊ नये. 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' हा फोल्डर विंडोज स्वतः तयार करते, आणि 'अँड्रॉइड' किंवा 'लॉस्ट डॉट डीआयआर' हे फोल्डर फोन तयार करतो. फोनने पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याविषयी विचारले, तर मात्र नकार द्यावा आणि पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केला होता ते तपासावे.

पुढच्या संगणकाकडे जाण्यापूर्वी सापळा पुन्हा फॉरमॅट करावा, आणि तोही ज्याची तपासणी होऊन स्वच्छ ठरला आहे अशाच संगणकावर किंवा फोनवर. हा टप्पा कंटाळवाणा आहे हे मान्य. परंतु माझ्या अनुभवात बहुतेक ठिकाणी फेरा तुटत नाही तो याच टप्प्याला फाटा दिल्यामुळे. काउंटरवरचा संगणक सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा साफ होतो. आतल्या खोलीतला, फक्त हिशेबासाठी वापरला जाणारा आणि इंटरनेटला न जोडलेला संगणक "त्याला कुठून व्हायरस येणार" म्हणून वगळला जातो, आणि नेमका त्याच्याकडेच रोज टॅलीच्या बॅकअपसाठी एक पेन ड्राइव्ह जात-येत असतो. इंटरनेट नसल्यामुळे त्याच्या अँटिव्हायरसची माहिती कित्येक महिने जुनी झालेली असते.

संगणकाची सफाई

जे संगणक बाधित ठरले, ते सर्व एकाच दिवशी हाती घ्यावेत. एक आज आणि एक रविवारी असे केल्यास मधल्या काळात पेन ड्राइव्ह आपले काम करतो.

सर्वप्रथम संगणकाची संरक्षण यंत्रणा खरोखर जागी आहे का ते पाहावे. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडावे. विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपलेली असेल, तर त्याचे नूतनीकरण करावे किंवा तो काढून टाकावा. काढल्यावर विंडोजमध्येच असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस त्याची जागा घेतो. मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचे चिन्ह खालच्या पट्टीत दिसत राहते आणि मालकाला उगाच दिलासा देत राहते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, संगणक मात्र मंदावतो.

त्यानंतर 'मॅनेज सेटिंग्ज'मधून खालच्या बाजूचे 'एक्सक्लूजन्स' उघडावे. ही यादी फारच थोडे लोक पाहतात, आणि वारंवार परत येणाऱ्या व्हायरसचे कारण पुष्कळदा येथेच सापडते. डिफेंडरने जेथे पाहायचे नाही अशा जागांची ही यादी असते. घरगुती किंवा दुकानातील संगणकावर ती बहुधा रिकामी असायला हवी. तेथे संपूर्ण सी ड्राइव्ह, 'टेम्प' फोल्डर किंवा 'ॲपडेटा'मधील एखादा अनोळखी फोल्डर नोंदवलेला असेल, तर विंडोज फुकटात चालू करणाऱ्या एखाद्या ॲक्टिव्हेटरने, कोरल किंवा फोटोशॉप विनापरवाना चालवणाऱ्या क्रॅकने अथवा व्हायरसनेच ती नोंद केलेली असते. अशी नोंद काढल्याशिवाय कितीही वेळा स्कॅन केला, तरी डिफेंडर त्या जागेकडे पाठ फिरवूनच "धोका आढळला नाही" असे सांगत राहतो. खासगी मालकीच्या संगणकावर "ही सेटिंग आपल्या प्रशासकाच्या नियंत्रणात आहे" अशा अर्थाचा संदेश येत असेल, तर तोही संरक्षणात कोणीतरी ढवळाढवळ केल्याचा इशारा समजावा.

यादी रिकामी केल्यावर इंटरनेट जोडून डिफेंडरची माहिती अद्ययावत करावी, 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू करावे, मग इंटरनेट तोडून 'फुल स्कॅन' लावावा. यास काही तास लागू शकतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो; म्हणून इन्व्हर्टर नसेल तर हे काम रात्री किंवा पहाटे लावावे आणि लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करावी. स्कॅन अर्ध्यावर तुटल्यास तो पूर्ण झाला असे धरू नये.

फुल स्कॅननंतर 'स्कॅन ऑप्शन्स'मधील 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' अवश्य करावा. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्णपणे चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे विंडोजबरोबर जागा होऊन स्वतःला लपवणाऱ्या प्रोग्रॅमला ती संधी मिळत नाही. यास साधारण पाव तास लागतो. सुरू करण्यापूर्वी चालू काम जतन करावे, आणि निकाल 'प्रोटेक्शन हिस्टरी'मध्ये वाचावा. लक्षात घेण्यासारखी आणखी एक गोष्ट अशी की, डिफेंडरचा फुल स्कॅन मूळ मांडणीत पेन ड्राइव्ह तपासत नाही. पेन ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हा पर्याय वेगळा निवडावा लागतो. "स्कॅन केला, पण सापडले काहीच नाही" यामागे काही वेळा एवढेच कारण असते.

शेवटी 'टास्क मॅनेजर'मधील 'स्टार्टअप ॲप्स' आणि 'टास्क शेड्युलर' पाहावे. डब्ल्यूस्क्रिप्टच्या साह्याने 'ॲपडेटा' किंवा 'टेम्प'मधील फाइल चालवणारी नोंद आढळली आणि ती कशाची आहे हे सांगता आले नाही, तर ती बंद करावी. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे, त्यांनी मायक्रोसॉफ्टचे 'ऑटोरन्स' हे मोफत साधन वापरावे. मात्र त्यात दिसणारी प्रत्येक अनोळखी नोंद धोकादायक नसते, म्हणून पुसण्याची घाई करू नये. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फेही २०१७ पासून व्हायरस काढण्याची मोफत साधने उपलब्ध करून दिली जातात.

हे सर्व झाल्यावर सापळ्याचा पेन ड्राइव्ह पुन्हा लावून पाहावा. संगणक स्वच्छ झाला आहे की नाही, याचा निर्णय अँटिव्हायरसच्या हिरव्या खुणेवर सोडण्यापेक्षा या चाचणीवर सोडणे मला अधिक विश्वासाचे वाटते.

फॉरमॅट मारूनही परत आला, तर

ऑफलाइन स्कॅननंतरही सापळ्यात शॉर्टकट उमटत असतील, तर विंडोज नव्याने टाकावी. पण येथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. आपल्याकडे संगणकाचे सी, डी आणि ई असे भाग पाडण्याची पद्धत आहे, आणि तंत्रज्ञ फॉरमॅट करतो तो फक्त सी. डी ड्राइव्हवर दुकानाचा डेटा असतो, म्हणून त्याला हात लावला जात नाही. त्याच डी ड्राइव्हवर 'सॉफ्टवेअर' नावाचा एक फोल्डर असतो, त्यात वर्षानुवर्षे जमवलेली सेटअप, क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर असतात, आणि नवी विंडोज सुरू होताच सर्वप्रथम तीच चालवली जातात. व्हायरसला परत यावे लागत नाही. तो घरातून गेलेलाच नसतो.

म्हणून डी आणि ई ड्राइव्हवरील डेटा आधी बाहेर काढावा. टॅलीचा डेटा फोल्डर, पीडीएफ, छायाचित्रे, वर्ड आणि एक्सेलच्या फाइली, श्री-लिपी किंवा कोरलमध्ये केलेली कामे एवढेच घ्यावे. कोणतीही डॉट ईएक्सई फाइल घेऊ नये. नंतर सर्व भाग रिकामे करून विंडोज टाकावी. 'रीसेट धिस पीसी'मध्ये सर्व ड्राइव्हवरील फाइली पुसण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, तो निवडावा आणि विंडोज 'क्लाउड डाउनलोड'ने घ्यावी. तंत्रज्ञाच्या पेन ड्राइव्हवरून ती टाकायची असेल, तर तो पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तयार केलेला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. दिवसभरात अनेक आजारी संगणकांना लागणारा त्याचा पेन ड्राइव्ह हासुद्धा एक पेन ड्राइव्हच असतो.

परवान्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट बऱ्याच मालकांना ठाऊक नसते. नव्या लॅपटॉपबरोबर कंपनीकडूनच विंडोज होम आलेली असेल, तर तिचा परवाना सहसा लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेला असतो, आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यास ती इंटरनेटशी जोडताच आपोआप वैध होते. तरीही सवयीने त्यावर विंडोज प्रो टाकून ॲक्टिव्हेटर चालवला जातो, म्हणजे पैसे भरून घेतलेली वैध विंडोज पुसून तिच्या जागी चोरीची बसवली जाते. फॉरमॅटसाठी लॅपटॉप देताना "जी आवृत्ती होती तीच टाका आणि ॲक्टिव्हेटर वापरू नका" असे स्पष्ट सांगावे.

विंडोज ७ चे सुरक्षा अद्यतन १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. विंडोज १० चे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. वैयक्तिक वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतने घेता येतात. जो संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही, त्याचे काय करावे याचा विचार पुढे केला आहे.

पेन ड्राइव्हमधील फाइली

व्हायरसने फाइली पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. स्वच्छ ठरलेल्या संगणकावर पेन ड्राइव्ह आधी स्कॅन करावा, नंतर 'फोल्डर ऑप्शन्स'मधील 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' या पर्यायाची खूण काढावी. लपलेला किंवा बिननावाचा फोल्डर फिकट रंगात दिसू लागेल. त्यातील आपल्या फाइली नव्या फोल्डरमध्ये उतरवून घ्याव्यात, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि त्या परत ठेवाव्यात. मूळ फोल्डरची 'हिडन' खूण काढण्याचा प्रयत्न करत बसू नये. व्हायरसने त्यावर सिस्टिम फाइलची खूणही लावलेली असल्यास तो पर्याय निष्क्रिय दिसतो. सर्वांत सोपे म्हणजे याच फाइली फोनवरून उतरवणे. काम झाल्यावर 'हाइड प्रोटेक्टेड' या पर्यायाची खूण पुन्हा लावावी.

आधी सफाई, नंतरच पासवर्ड

शॉर्टकट व्हायरस म्हणजे केवळ उपद्रव, असा समज आहे. या कुळातील अनेक व्हायरस दाबलेल्या कळा टिपतात, ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड बाहेर पाठवतात आणि दुसऱ्या कोणाला त्या संगणकाचा ताबा देतात. सेवा केंद्राचे लॉगिन, जीएसटी पोर्टल, नेट बँकिंग आणि ईमेल हे सर्व त्या संगणकावर उघडले गेलेले असते. त्यामुळे सर्व पासवर्ड बदलावेत, पण सफाईनंतरच, किंवा घाई असल्यास स्वतःच्या फोनवरून. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे नवा पासवर्डही चोराला कळवणे होय. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर खात्यांचे पासवर्ड त्याच्यामार्फतच बदलता येतात. तेथे द्विस्तरीय पडताळणी चालू करावी आणि इतर सर्व उपकरणांवरून 'साइन आउट' करावे. निविदा किंवा विवरणपत्रे भरणाऱ्यांचा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन दिवसभर संगणकात खोचलेला असतो. तो सही करण्यापुरताच लावावा. खात्यातून पैसे गेलेले आढळले, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर आणि बँकेत तक्रार नोंदवावी. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना बाहेरच्या व्यक्तीने केलेल्या व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते. पण येथे तासांनाही महत्त्व असते.

बाहेरून येणाऱ्या पेन ड्राइव्हची वाट

दुकानातील सर्व संगणक स्वच्छ झाले, तरी ग्राहक पेन ड्राइव्ह आणणारच. लग्नसराईत फोटो स्टुडिओतून, उन्हाळ्यात विद्यापीठाच्या प्रकल्प अहवालांसाठी महाविद्यालयातून, एरवी गाडीत गाणी ऐकण्यासाठीचा पेन ड्राइव्हसुद्धा काउंटरवर येतो. "आम्ही पेन ड्राइव्ह घेत नाही" असा फलक लावणे सोपे आहे. त्याने ग्राहक समोरच्या दुकानात जातो.

जो जुना संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाही, तो येथे कामाला येतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकावी, त्याला प्रिंटर जोडावा, आणि बाहेरून येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह फक्त त्यालाच लावण्याचा नियम करावा. विंडोजच्या स्क्रिप्ट आणि शॉर्टकट तेथे सहज चालत नाहीत, लपवलेले फोल्डर उघड दिसतात, आणि पीडीएफ व छायाचित्रांची छपाई तेथूनच होते. मराठी डीटीपीचे काम मात्र तेथे होणार नाही. श्री-लिपी, पेजमेकर आणि कोरल यांसाठी विंडोज लागतेच. अशा कामाच्या फाइली त्या संगणकावरून दुकानाच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हने किंवा ईमेलने पुढे न्याव्यात, शॉर्टकट आणि ईएक्सई गाळून. आणखी संगणक ठेवणे परवडत नसेल, तर ग्राहकाचा पेन ड्राइव्ह आधी दुकानाच्या फोनला जोडून हवी ती फाइल तेवढी उतरवून घेणे हाही चालण्याजोगा मार्ग आहे. काम झाल्यावर ग्राहकांची आधार कार्डे आणि दाखले त्या फोनमधून पुसण्याची जबाबदारी मग आपली.

करसल्लागाराकडे टॅलीचा डेटा नेण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा, तो दुसऱ्या कोठेही लावू नये आणि परत आल्यावर उघडण्याआधी फोनवर पाहावा. त्यात शॉर्टकट दिसले, तर पेन ड्राइव्ह साफ करून गप्प बसू नये. करसल्लागाराला दूरध्वनी करून सांगावे, आणि शक्य असल्यास आपला सापळा त्यांच्या कार्यालयातही लावून पाहावा, कारण त्यांच्याकडे तालुक्यातील इतर व्यापाऱ्यांचेही पेन ड्राइव्ह येत असतात.